'आधी व्यसन सोडा, मग या' हे बंद व्हावे

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

व्यसनमुक्तीवर वृत्तपत्रांत नेमाने मजकूर येतो. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मनोविकारांवरही आता बरेच लिहिले जाते. ही दोन्ही दुखणी एकाच माणसाच्या वाट्याला येतात, त्याबद्दल मात्र फारसे कुणी लिहीत नाही. अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या सेवनाचा विकार झालेला आढळला. तंबाखू या आकड्यात धरलेलाच नाही.

अशा पेशंटला मनोविकार विभागात सांगतात, "आधी दारू सोडवून आणा, मग औषधांचं बघू." व्यसनमुक्तीच्या ठिकाणी सांगतात, "याला भास होतात, आमच्याकडे नाही जमणार." दोघांचेही म्हणणे वरवर रास्त वाटते. पण कानात ऐकू येणारे आवाज जरा कमी व्हावेत म्हणून पेशंट पितो, प्यायला की गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की आवाज वाढतात. या चक्रात 'आधी' कशाला म्हणायचे? काही ठिकाणी तर "गोळ्यासुद्धा नशाच" असे म्हणून मनोविकाराची औषधेही बंद करतात. ती बंद झाली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उफाळतो, आणि मग खापर पेशंटच्या 'मनोबलावर' फुटते. दोन्हींवर एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच टीमने उपचार करावेत हे जगभरातल्या तज्ज्ञांचे मत आता बरेच जुने झाले आहे. प्रत्यक्षात ते क्वचित दिसते. म्हणून हे पत्र. त्यातही आमचा भर या लोकांशी बोलायचे कसे यावर आहे, कारण सर्वांत जास्त बिघडते ते तिथेच.

बोलण्याची एक पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनासाठी मांडली आणि पुढे वेल्समध्ये काम करणारे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग हे तिचे नाव. या क्षेत्रात तिला नुसते 'एमआय' म्हणतात. प्रोत्साहनपर भाषणाशी तिचा काही संबंध नाही. तिच्यामागचा विचार साधा आहे. व्यसन असलेल्या माणसाच्या मनात सोडावेसे वाटणे आणि न सोडावेसे वाटणे एकाच वेळी नांदत असते. समोरच्याने 'सोड'ची बाजू उचलून धरली, की तो आपसूक दुसऱ्या बाजूचे वकीलपत्र घेतो. आणि माणूस जे स्वतःच्या तोंडाने बोलतो तेच त्याला पटत जाते. म्हणजे उपदेश जितका जोरकस, तितकी व्यसनाची बाजू घट्ट. एमआयमध्ये समुपदेशक ही वकिली टाळतो. तो खुले प्रश्न विचारतो, ऐकलेले थोडक्यात परत मांडतो, पेशंटने केलेल्या खऱ्या प्रयत्नांची दखल घेतो, अधूनमधून गोळाबेरीज करतो. पेशंटच्या बोलण्यात बदलाच्या बाजूचे एखादे वाक्य आले की तो तिथे थांबतो आणि त्यावरच पुढचे विचारतो.

सायकोसिस, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मनोविकार, असलेल्या माणसाबरोबर हे जसेच्या तसे चालत नाही. एरवीच्या एमआयमध्ये समुपदेशक लांब, गुंफलेली, अर्थ उकलणारी वाक्ये परत मांडतो. ज्याचे लक्ष विस्कळीत आहे, ज्याच्या कानात त्याच वेळी दुसरे कुणी बोलते आहे, त्याला अशा वाक्याचा अर्धा भागच ऐकू येतो. येल विद्यापीठातील स्टीव्ह मार्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या लोकांसाठी बदल सुचवले: प्रश्न सोपे करा, परत मांडण्याची वाक्ये आखूड ठेवा, दखल जास्त वेळा घ्या, आणि आजार व औषधे हा विषय व्यसनाच्या चर्चेत मिसळूनच घ्या. प्रत्यक्षात हे कसे करायचे ते जरा तपशिलाने लिहितो, कारण 'पेशंटशी प्रेमाने बोला' एवढ्यावर कुणाचे काम भागत नाही.

बैठक पंधरा-वीस मिनिटांची पुरे. पेशंट थकला, उठून फेऱ्या मारू लागला, तर दहा मिनिटांवर थांबा. पाऊण तासाच्या एका बैठकीपेक्षा आठवड्यात दोन छोट्या बैठका बऱ्या. वेळ आणि खोली शक्यतो तीच. संशयाचा त्रास असेल तर पेशंटला दाराजवळची खुर्ची द्या, आणि कागदावर काय लिहिता आहात ते त्याला वाचून दाखवा. नशेत आलेल्या माणसाबरोबर बैठक घेऊ नका, पण त्याला रागावून परतही पाठवू नका. त्याला काही धोका नाही ना एवढे पाहा आणि पुढची वेळ लिहून हातात द्या. सुरुवात व्यसनापासून केलीच पाहिजे असे नाही. "आज कशावर बोलू या?" असे विचारले तर बहुतेक जण झोप, पैसे, घरातली भांडणे किंवा गोळ्यांचा त्रास यांपैकी काहीतरी सांगतात, आणि या चारही रस्त्यांनी व्यसनापर्यंत पोहोचता येते.

एका वेळी एकच प्रश्न. "तुम्ही किती पिता, कधीपासून, आणि घरच्यांना काय वाटतं?" हे तीन प्रश्न झाले, उत्तर शेवटच्याला मिळेल किंवा कशालाच नाही. विचारल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा. या आजारात उत्तर उशिरा येते, आणि नवखा समुपदेशक तीन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकून येणारे उत्तर तोडतो. तुमचे वाक्य आठ-दहा शब्दांचे असावे. तीन-चार देवाणघेवाणी झाल्या की "आतापर्यंत मला हे समजलं" म्हणून दोन वाक्यांत गोळा करा. बोलणे भरकटले तर त्यातला एकच धागा उचला: "बरंच सांगितलंत. त्यातलं झोपेचं आधी बघू या का?"

भ्रमाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो. समजा पेशंट म्हणाला, "शेजारचे रात्री माझ्या डोक्यात करंट सोडतात, म्हणून मी पितो." इथे दोन्ही टोकांना खड्डा आहे. "असं काही नसतं" म्हटले की वाद सुरू होतो आणि व्यसनाची गोष्ट तिथेच राहते. "शेजारी फारच त्रास देतात" असे परत मांडले की भ्रमाला साक्षीदार मिळतो. परत मांडायची ती भावना: "रात्री फार भीती वाटते, आणि प्यायल्यावर ती थोडी कमी होते." हे खरेही आहे आणि पुढे नेणारेही. आवाजांबाबतही ते खरे की खोटे यात शिरू नका. नशेआधी, नशेत आणि नशा उतरल्यावर त्यांचे काय होते ते विचारा. अशा बैठकीतला एक नमुन्याचा तुकडा असा असू शकतो:

"गांजा ओढला की आवाज लांब जातात."
"तेवढ्यापुरते लांब जातात."
"हो. मग रात्री सगळे एकदम येतात. झोपूच देत नाहीत."
"संध्याकाळी आराम, आणि रात्र जड जाते."
"रात्रीचं काहीतरी करायला पाहिजे."

शेवटचे वाक्य पेशंटचे आहे, आणि सगळी बैठक त्यासाठीच होती. नेमका इथेच मोह होतो तो "मग गांजा सोडा ना!" म्हणण्याचा. तसे म्हटले की पुढचे उत्तर ठरलेले: "पण संध्याकाळी काय करू?" त्याऐवजी "रात्रीचं काय करता येईल, तुमच्या मनात काय येतं?" असे विचारून गप्प बसावे. त्याला काही सुचले नाही तर परवानगी घेऊन माहिती द्यावी: "दुसऱ्या काहींना कशाचा उपयोग झाला ते सांगू का?" सांगावे दोन-तीन वाक्यांत, आणि लगेच विचारावे, "यातलं तुम्हाला काय लागू पडतं?" विचारा, सांगा, पुन्हा विचारा, असा हा क्रम. मधल्या 'सांगा'चा पसारा वाढला की व्याख्यान सुरू झाले म्हणून समजावे.

शून्य ते दहाची पट्टी हे एमआयचे सर्वांना माहीत असलेले साधन. "दारू कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" पेशंट म्हणाला, चार. आता "दोन का नाही, चार का?" असे विचारले की तो आपली कारणे सांगतो. "सात का नाही?" विचारले की सबबी सांगतो. प्रश्न नुसता उलटला तर उत्तरही उलटते, आणि ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. सायकोसिसमध्ये नुसते तोंडी आकडे निसटतात, म्हणून कागदावर रेघ ओढून बोट ठेवायला सांगावे. आकडेच नको असतील तर 'नाही, थोडं, खूप' असे तीन चौकोन काढावेत. महत्त्वाची पट्टी आणि आत्मविश्वासाची पट्टी वेगळी ठेवावी. या पेशंटांमध्ये पहिली आठ आणि दुसरी दोन असे बऱ्याचदा दिसते. म्हणजे सोडायचे आहे, पण जमेल असे वाटत नाही. अशा माणसाला दारूचे दुष्परिणाम पुन्हा ऐकवणे म्हणजे आठाचे नऊ करत बसणे. काम दोनावर करायला हवे.

नफा-तोट्याचा तक्ताही जपून वापरावा. व्यसनाचे फायदे विचारले की पेशंट मोकळा होतो, आणि पहिल्या भेटींत विश्वास बसवायला ते चांगलेच. पण चार चौकोनांचा पूर्ण तक्ता दर वेळी भरून घेतला तर न सोडण्याची बाजू उजळणीने पक्की होते. शिवाय चार चौकोन एकाच वेळी डोक्यात ठेवणे या आजारात जड जाते. एकदा, सुरुवातीला, दोन रकान्यांत, आणि प्रत्येकात तीनच गोष्टी.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहायलाच हवे. स्किझोफ्रेनियात काही लक्षणे दिसतात ती नसण्याच्या रूपाने: बोलणे आटते, चेहरा कोरा राहतो, कशातच पुढाकार उरत नाही. समोर बसलेला समुपदेशक याला 'नकारात आहे', 'इच्छाच नाही' असे नाव देतो आणि फाइलवर तसे लिहून मोकळा होतो. पुढचा प्रत्येक जण तीच ओळ वाचून कामाला लागतो. उलट, पहिल्याच बैठकीत "उद्यापासून सगळं सोडतो" म्हणणारा पेशंट सर्वांना आवडतो. ते वाक्य बहुतेकदा बैठक लवकर संपावी म्हणून असते. कोरा चेहरा ठेवून दर मंगळवारी वेळेवर येणारा माणूस कदाचित जास्त तयार असतो. त्याचे येणे हीच दखल घेण्याची गोष्ट. दखल म्हणजे कौतुकाचा वर्षाव नव्हे. "आज पावसातही आलात" एवढे पुरते.

बेत आखायचा तो एका आठवड्याचा, एकाच गोष्टीचा, पेशंटच्या शब्दांत, खिशात मावणाऱ्या कार्डावर, जास्तीत जास्त तीन ओळींत. 'दारू कमी करणे' हा बेत होत नाही. 'पैसे हातात आले की निम्मे बहिणीकडे ठेवायला देईन' हा होतो. 'संध्याकाळी अमुक मित्र बोलवायला आला, तर आज गोळीचा दिवस आहे सांगून घरात थांबेन' हाही होतो. 'जर असं झालं, तर मी हे करीन' अशी बांधणी मुद्दाम करावी, कारण ऐन वेळी नवे सुचणे या आजारात अवघड असते. मध्ये घसरण झाली तर पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा: आधीच्या दोन तासांत काय झाले, काय आणि किती घेतले, गोळी चुकली का. शिक्षा म्हणून नाव काढून टाकणे ही सर्वांत वाईट रीत. ज्या लक्षणावर इलाज करायचा तेच दाखवले म्हणून पेशंटला हाकलण्यासारखे आहे ते.

एमआय कुठे थांबवायचे हेही ठाऊक असायला हवे. "आवाज मला मरून जा सांगतात" असे कुणी म्हणाले तर तिथे दोन्ही बाजू समतोलपणे ऐकत बसायचे नसते. सरळ विचारायचे: मनात बेत आहे का, साधन हाताशी आहे का. माणसाला एकटे सोडायचे नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाला लगेच बोलवायचे.

बोलण्याने न सुटणाऱ्या गोष्टी बोलण्यावर ढकलू नयेत. पेशंट का पितो याचे एक उत्तर कधीकधी औषधाच्या चिठ्ठीतच असते. काही औषधांनी अंगात अशी तगमग सुरू होते की माणूस बसू शकत नाही. हातपाय कडक होतात, दिवसभर गुंगी राहते. दारूने ती तगमग तासभर शमते. तिथे डोस किंवा औषध बदलणे हाच व्यसनावरचा पहिला उपाय. म्हणून प्रत्येक बैठकीत "गोळ्यांचा काय त्रास होतो?" हा प्रश्न हवा आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवे. दारू प्यायलो म्हणून त्या दिवशीची गोळी घ्यायची नाही, असा अलिखित नियम बरेच पेशंट पाळतात. आठवड्यात चार दिवस पिणाऱ्याच्या चार दिवसांच्या गोळ्या अशाच बुडतात. अशा दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांनी आधीच लिहून द्यावे. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्या दारूबरोबर श्वास मंद करतात, त्या वेगळ्या. सायकोसिसच्या मुख्य औषधाला तोच नियम लावू नये. महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन हा अशांसाठी विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत कापरे, घाम, अस्वस्थता सुरू होते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या सुमारास काहींना गोंधळ, ताप आणि भास यांसह जिवावरचा झटका येतो. हे भास बहुधा डोळ्यांना दिसणारे असतात आणि माणसाला स्थळकाळाचे भान राहत नाही. 'याचा जुना आजार वाढला' असे समजून सायकोसिसचीच औषधे वाढवत नेली तर मूळ धोका नजरेआड होतो. अशा माणसाची दारू सोडवणे हे दवाखान्यात करायचे काम आहे, थायमिनच्या (बी-१ जीवनसत्त्वाच्या) इंजेक्शनासह. गांजाचे निराळे: सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, भूक मरणे, झोप उडणे, विचित्र स्वप्ने सुरू होतात, पहिल्या आठवड्यात ती जोरात असतात, आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतात, झोपेला जास्त वेळ लागतो. घरच्यांना हे आधी सांगितले नाही तर तेच म्हणतात, "ओढत होता तेव्हा बरा होता." लघवीच्या तपासणीबद्दलही सांगून ठेवावे. रोज भरपूर ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यानंतर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यावरून त्याला खोटारडा ठरवले की केलेली सगळी मेहनत वाया.

सिगारेट-विडीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित. धुरातील रसायनांमुळे यकृतातील एक एन्झाइम जास्त काम करू लागते आणि क्लोझापिन व ओलान्झापिन ही सायकोसिसवरची औषधे शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून धूम्रपान करणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूम्रपान बंद झाले की आठवडाभरात रक्तातील क्लोझापिन दीडपट किंवा त्याहूनही वाढू शकते: अति झोप, तोंडातून लाळ, तीव्र बद्धकोष्ठ, क्वचित फिट. अ‍ॅडमिट झाल्यावर वॉर्डात धूम्रपानाला बंदी असते, तिथे डोस बसवला जातो. घरी गेल्यावर पेशंट पुन्हा ओढू लागतो आणि तोच डोस अपुरा पडतो. लोक म्हणतात, औषध लागू पडेना. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनच्या च्युइंगमने किंवा अंगाला चिकटवायच्या पट्टीने डोस सांभाळला जात नाही. सोडण्याचा दिवस ठरला की तो डॉक्टरांना आधी कळवायचा, एवढी ओळ बेताच्या कार्डावर हवीच.

नातेवाइकांसाठी थोडे. जेवणात गुपचूप दारू सोडवण्याचे औषध मिसळू नका. डायसल्फिराम हे असेच एक औषध. त्यावर असलेल्या माणसाने नकळत दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो, आणि हे औषध मेंदूतल्या डोपामिनच्या रसायनात हस्तक्षेप करत असल्याने काहींचा सायकोसिसही वाढवते. शिवाय ज्याला आधीच 'माझ्या अन्नात काहीतरी घालतात' असा संशय आहे, त्याचा संशय तुम्ही खरा करता. नशेत असताना वाद घालू नका, सकाळी, शुद्धीत असताना, एकच वाक्य बोला, आणि ते 'तू' ऐवजी 'मला'ने सुरू करा: "काल रात्री तू आला नाहीस तेव्हा मला भीती वाटली." घरात टोमणे, राग आणि अति काळजी यांचे प्रमाण जास्त असेल तर स्किझोफ्रेनिया पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढते, हे ब्रिटनमधील संशोधकांनी १९७० च्या दशकातच दाखवले आहे. याचा अर्थ दोष घरच्यांचा असा नाही. थकलेल्या घराला मदत लागते, आणि ती उपचाराचाच भाग मानली पाहिजे.

आता पुराव्याबद्दल, कारण या पद्धतीची भलामण करणारे बऱ्याचदा तो भाग गाळतात. ब्रिटनमध्ये ३२७ पेशंटांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एमआय आणि कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचार व वागणे बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत) एकत्र करून वर्षभरात २६ पर्यंत बैठका दिल्या. ज्या दिवशी नशा केली त्या दिवशी घेतलेल्या नशेचे प्रमाण कमी झाले आणि बदलाची तयारी वाढली. पण रुग्णालयात दाखल होणे, लक्षणे, रोजचे जगणे यांत फरक पडला नाही. २०१९ मधील कॉक्रेन आढाव्यात (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) ४१ चाचण्या आणि ४०२४ माणसे होती. कुठलीही एक मानसोपचार पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठामपणे सरस ठरली नाही. तपासणीत नशा आढळली नाही तर छोटे बक्षीस देण्याच्या पद्धतीचेही असेच. अमेरिकेत २०१३ मध्ये १७६ जणांवरच्या चाचणीत उत्तेजक पदार्थांचे सेवन आणि रुग्णालयात दाखल होणे दोन्ही घटले. ब्रिटनमध्ये गांजा ओढणाऱ्या, नुकताच सायकोसिस झालेल्या ५५१ जणांवर २०१९ मध्ये तिचा फायदा दिसला नाही.

मग हे सगळे कशासाठी? आमचे मत असे की एमआयकडून चमत्काराची अपेक्षा धरणे हीच चूक आहे. माणूस उपचारात टिकून राहावा, खरे बोलावा, दहा पेले सहावर यावेत, हे तिचे काम. रुग्णालयाच्या फेऱ्या थांबवायला औषध, घर, काम, झोप आणि नातेवाईक ही सगळी यंत्रणा लागते. या चाचण्यांत तुलना होती ती नेहमीच्या बऱ्यापैकी उपचारांशी. जिथे पेशंटला दारातूनच परत पाठवतात, तिथे तोलून पाहायला उपचारच नसतात.

प्रशिक्षणाचे दुखणे वेगळे. दोन दिवसांची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र यांनी कौशल्य टिकत नाही, हे मिलर यांच्याच अभ्यासातून दिसले आहे. कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष कामावर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळाले तरच ते टिकते. महिन्यातून एकदा वीस मिनिटांचे संभाषण, पेशंटच्या लेखी संमतीने, रेकॉर्ड करून सहकाऱ्यासोबत ऐकावे आणि मोजावे: प्रश्न किती, परत मांडलेली वाक्ये किती. निदान बरोबरी हवी. प्रश्नांच्या दुप्पट परत मांडणी असेल तर उत्तम. बहुतेकांचे पहिले रेकॉर्डिंग ऐकले की उलटतपासणी वाटते. ज्या पेशंटला पाळत ठेवली जाते असा संशय आहे त्याच्यासमोर रेकॉर्डर ठेवूच नये. तिथे सहकाऱ्याने शेजारी बसून ऐकावे, तेही पेशंटला विचारून. हे काम मानसोपचारतज्ज्ञानेच करावे असे नाही. वॉर्डातली परिचारिका, समाजसेवक, इंजेक्शन देणारा कर्मचारी यांची पेशंटशी भेट जास्त वेळा होते.

रुग्णालये आणि व्यसनमुक्ती केंद्रे चालवणाऱ्यांकडे आमचे मागणे मोजके आहे. नशा चालू आहे एवढ्या कारणावरून मनोविकाराचा उपचार नाकारू नये, आणि भास होतात एवढ्या कारणावरून व्यसनाचा. दोन्ही विभागांनी एकच फाइल वापरावी. डिस्चार्जच्या कागदावर औषधांबरोबर आणखी चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वॉर्डात असताना धूम्रपान चालू होते की बंद, नशेच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, पेशंटने स्वतः ठरवलेला एका आठवड्याचा बेत, आणि सात दिवसांच्या आतली पुढची तारीख, वेळ व भेटणाऱ्या माणसाचे नाव.

आपले,
मनोविकार व व्यसन उपचार क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक आणि परिचारिका